नावाची जागा : खान्देशातले अंगणातले गाणे आणि मंचावरचे गाणे

खान्देशातल्या लोकगीतांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘जुनी गाणी आता कुणाला येत नाहीत.’ दुसरे, ‘अहिराणी गाण्यांना आता काय दिवस आले आहेत!’ गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकच माणूस एकाच बैठकीत बोलतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही, कारण दोन्ही खरी आहेत. आखाजीच्या झोक्यावरची गाणी पूर्ण म्हणणाऱ्या बायका धुळे-जळगावच्या खेड्यांत आता हुडकाव्या लागतात. त्याच खेड्यांतल्या लग्नात अहिराणी गाण्यांवर सारा गाव नाचतो; झुमक्याच्या एका अहिराणी गाण्याने तर खान्देशाची वेस केव्हाच ओलांडली आणि अहिराणीचा एक शब्द न कळणारेही त्यावर नाचले.

आपण या दोहोंना एकाच नावाने, ‘खान्देशी लोकगीत’ म्हणून ओळखतो. घोटाळा तिथेच होतो. भाषा एक, चालीही बऱ्याचदा एकाच घराण्यातल्या. पण ही दोन निराळी गाणी आहेत. एक दुसऱ्याचे बिघडलेले रूप नाही, की सुधारलेलेही नाही. त्यांच्यातला फरक कशात आहे आणि त्या फरकात कुणाचे काय गेले, कुणाला काय मिळाले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

एक दूरचे उदाहरण

हा फरक मला प्रथम नीट कळला तो एका परक्या मुलखाच्या संगीतावरून. अमेरिकेच्या आग्नेय भागात अ‍ॅपलेशियन डोंगररांगा आहेत. तिथल्या खेड्यांत फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, आणि बॅन्जो ही दोन वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या नाचासाठी वाजत आली. त्या संगीताला ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. त्याच्याच पोटातून पुढे ‘ब्लूग्रास’ नावाचा प्रकार निघाला. वाद्ये जवळजवळ तीच, धुनाही पुष्कळशा त्याच. नवख्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात. जाणकार मात्र ती एक समजणाऱ्याला हसतात.

ओल्ड-टाइममध्ये फिडल आणि बॅन्जो एकच धून बरोबर वाजवतात. कुणी पुढे येत नाही, कुणी मागे राहत नाही. धून गोल गोल फिरत राहते. नाचणारे थांबले की ती थांबते. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात. बॅन्जोच्या तारेवर नख वरून खाली मारायचे, ही जुनी पद्धत. ती, आणि ते वाद्यसुद्धा, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर त्या देशात आले. दुधीभोपळ्यावर कातडे ताणून केलेले ते मूळचे वाद्य.

१९२३ साली अटलांटा शहरात फिडलिन जॉन कार्सन नावाच्या फिडलवाल्याची तबकडी निघाली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या राल्फ पीअरला ती मुळीच आवडली नव्हती. पण ती हातोहात खपली आणि डोंगराळ भागातल्या संगीताला बाजारपेठ आहे हे कंपन्यांना कळले. १९२७ साली याच पीअरने ब्रिस्टल गावी मुक्काम ठोकून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी मुद्रित केली. कंपन्यांनी याद्या मात्र दोन केल्या : काळ्यांच्या तबकड्या वेगळ्या, डोंगरातल्या गोऱ्यांच्या वेगळ्या. बॅन्जो गोऱ्यांच्या यादीत गेला आणि त्याचे आफ्रिकी मूळ सर्वसाधारण श्रोता विसरून गेला.

केंटकीच्या रोझीन गावचा बिल मन्रो (जन्म १९११) तरुणपणी इंडियाना राज्यात तेलाच्या कारखान्यात कामाला होता. १९३९ मध्ये तो आपला ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा बॅन्जोवाला त्याला येऊन मिळाला. तोही सूतगिरणीत काम केलेला. तीन बोटांनी, अतिशय वेगाने तो बॅन्जो वाजवी. आता वाजवणारे मायक्रोफोनकडे तोंड करून उभे राहू लागले. प्रत्येक जण आळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवी, बाकीचे साथ धरत. गती वाढली, गळे उंच स्वरात चढले, गाणे तीन मिनिटांत संपू लागले. पुढे या प्रकाराला मन्रोच्या संचाचेच नाव पडले.

म्हणजे फरक वाद्यात नव्हता, धुनेतही फारसा नव्हता. तोंड कुणाकडे, हा फरक होता. एक संगीत आपसात वाजवण्याचे, दुसरे कुणाला तरी ऐकवण्याचे. दुसऱ्याचा श्रोताही ठरलेला होता : गाव सोडून कारखान्यात गेलेला, रात्री रेडिओजवळ बसून गावाची आठवण काढणारा माणूस. गाव सुटल्यावरच त्या गाण्याची गरज निर्माण झाली.

अंगणातले गाणे

आता खान्देशात येऊ. इथल्या बायकांच्या गाण्याचे तीन मोठे हंगाम. वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया : सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट होतात, ते भाऊबंदांतच खाल्ले जातात, आणि रात्रभर जागरण. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई, काहींची भुलाबाई : मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. याशिवाय लग्नातली हळदीची, तेलनाची, मांडवाची गाणी, आणि जाते होते तोवर रोजची पहाटेची ओवी.

या गाण्यांच्या बैठकींत मी जेवढा वेळ घालवला त्यातून एक गोष्ट पक्की झाली. ही गाणी लिहून घेतली की चार-सहा ओळींची निघतात. म्हटली जातात तेव्हा मात्र पाऊण तास चालतात. कारण त्यांत एक जागा मोकळी असते. तिथे नाव घालायचे. भावाचे, मग दुसऱ्या भावाचे, काकाचे, मामाचे, नवरदेवाच्या आत्याचे, शेजारच्या वाड्यातल्या नव्या सुनेचे. ओळ तीच, चाल तीच, नाव बदलत जाते. एक बाई सुरू करते, बाकीच्या मागून झेलतात. अंगणात असलेल्या प्रत्येकाचे नाव येऊन गेले की गाणे संपते. कुणाचे नाव राहिले तर ती रुसते, आणि हे रुसणे खोटे नसते. जिच्याशी बोलणे बंद आहे तिचे नाव मुद्दाम घेऊन समेट केलेलाही मी पाहिला आहे, मुद्दाम गाळलेलाही.

या मोकळ्या जागेने दोन कामे होतात. पहिले मोजदादीचे : आपण कोण कोण आहोत, याची वर्षातून एकदा मोठ्याने उजळणी. दुसरे अधिक नाजूक. आखाजीच्या आणि गुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या तक्रारी भरपूर असतात : सासूचा जाच, नणंदेचा तोरा, न आलेला मुऱ्हाळी. ती तक्रार गाण्यातल्या कुणा पार्वतीची असते, म्हणून ती उघड्या अंगणात, सगळ्यांच्या देखत म्हणता येते. ऐकणाऱ्या सगळ्या गातही असतात, त्यामुळे कुणी न्यायाधीश उरत नाही. एरवी जे तोंडातून काढायची सोय नव्हती ते तिथे दहा गळ्यांतून निघे. त्या गाण्याला श्रोता नव्हता, आणि म्हणूनच ते धीटपणे म्हणता येत होते.

ओल्ड-टाइमशी याचे नाते इथे लागते. गाणे गोल फिरते, सगळे एकाच सुरात म्हणतात, बैठक उठली की ते थांबते, आणि कोण चांगले गाते हा प्रश्न गौण असतो.

मंचावरचे गाणे

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या दोन गाण्यांच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. आसोद्याचे माहेर, जळगावचे सासर, शेतीची आणि घरची कामे करता करता जुळत गेलेल्या ओव्या. सोपानदेवांमुळे त्या कागदावर आल्या, बहिणाबाई गेल्यावर आचार्य अत्र्यांनी त्यांच्या प्रकाशनाचा आग्रह धरला आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने निघाली. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांतल्या काही गाण्यांना वसंत पवारांनी चाली दिल्या. मराठी घरांतून बहिणाबाई आज ज्या चालींवर गुणगुणल्या जातात, त्या या चाली आहेत.

यात कुणाचा अपराध नाही. लिहिले गेले नसते तर मराठीचे अपरिमित नुकसान झाले असते. पण काय बदलले तेही पाहिले पाहिजे. ओवीला कवयित्री मिळाली आणि त्याच क्षणी ती बंद झाली : आता त्यात कुणी नवी ओळ घालू शकत नाही, घातली तर ती चूक ठरते. जात्यावरची ओवी पहाटेच्या दळणाएवढी लांब. चित्रपटातले गाणे तबकडीच्या एका बाजूएवढे लांब. जाते फिरणे पिठाच्या गिरणीने बंद केले, तेव्हा ओवीचे मोजमापच हरवले.

पुढची पायरी रेडिओची, कॅसेटची, मग सीडीची आणि आता मोबाइलची. आजच्या अहिराणी गाण्याला मुखडा आहे, अंतरे आहेत, मध्ये कीबोर्डचा तुकडा आहे, चार मिनिटांची मुदत आहे. गायक, गीतकार, संगीतकार, नाचणारी जोडी, कॅमेरावाला, सगळ्यांची नावे गाण्याखाली लिहिलेली असतात. नावाची जागा गेलेली नाही, हे इथे लक्षात येते. ती गाण्याच्या आतून निघून गाण्याच्या खाली गेली आहे. आधी ज्यांच्यासाठी गायचे त्यांची नावे होती. आता गाणाऱ्यांची आहेत.

श्रोताही मन्रोच्या श्रोत्याच्या जवळचाच. धुळे, जळगाव, नंदुरबारचा माणूस गेली कित्येक दशके सुरतेला जातो आहे. उधना, लिंबायतच्या वस्त्यांत खान्देशी संसार आहेत, तिथेही कानबाई बसते. नाशिक, कल्याण, पुण्यात तेच. घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि शाळेत ती लपवणाऱ्या मुलांची एक अख्खी पिढी या शहरांत वाढली. ‘जळगाव’चे ‘जयगाव’ आणि ‘धुळे’चे ‘धुये’ म्हटले की वर्गात हशा पिकायचा. तीच बोली लग्नाच्या वरातीत पाच हजार वॉटच्या भोंग्यातून वाजू लागली तेव्हा त्या मुलांना काय वाटले असेल, हे बाहेरच्याला समजणे अवघड आहे. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले. ती मराठीची बोली की गुजरातीची की स्वतंत्र, हा वाद विद्वानांत चालू राहिला. वरातीत नाचणाऱ्याने त्या वादाचा आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे.

जाता जाता वाद्याची एक गोष्ट. आपल्याकडच्या मिरवणुकीत, वरातीत ज्याला ‘बॅन्जो’ किंवा ‘बेंजो’ म्हणतात तो अमेरिकेतला बॅन्जो नव्हेच. ते बुलबुलतरंग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने तायशोगोतो नावाचे वाद्य बनवले : तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, बॅन्जो हे नाव मिरवू लागले, आणि पुढे वीज जोडून घेऊन पथकांचे म्होरके झाले. नाव एकाचे, देह दुसऱ्याचा. ‘लोकगीत’ या नावाचेही तसेच काहीसे झाले आहे.

कुणाचे गेले, कुणाला मिळाले

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे अंगण चांगले आणि मंच वाईट. मीही पुष्कळ दिवस तसेच मानण्याच्या बेतात होते. पण गळ्याकडून हाताकडे, म्हणजे गाणाऱ्यांकडून वाजवणाऱ्यांकडे वळले की चित्र पालटते.

अंगणातल्या बायका बहुधा वाद्यांवाचून गात, फार तर टाळ्या आणि टिपऱ्या. वाद्ये होती ती वाजवणाऱ्या जातींकडे. हलगी, डफ, सनई हे कौशल्य होते, पण ते गावकीच्या व्यवस्थेत ‘काम’ म्हणून नेमून दिलेले होते. लग्न कुणाचेही असो, मांग वाजंत्र्याने यायचे, मांडवाच्या बाहेर बसायचे, वाजवायचे, आणि जे मिळेल ते घ्यायचे. गाण्यात ज्यांची नावे गुंफली जात त्यांत त्याचे नाव नव्हते. अंगण सगळ्यांचे होते असे आपण म्हणतो, तेव्हा ‘सगळे’ म्हणजे कोण, हे विचारावे लागते. आंबेडकरी चळवळीने असली गावकीची कामे नाकारायला शिकवले, जलशांनी त्याच डफ-ढोलकीला नवे शब्द दिले. मग बँड आला : गणवेश, ठरलेली तारीख, ठरलेला दर, आगाऊ रक्कम. त्या माणसाच्या दृष्टीने मंच म्हणजे ऱ्हास नव्हता. बिदागीच्या जागी बिल आले, आणि गाडीवर मोठ्या अक्षरांत त्याचे नाव आले.

हीच गोष्ट पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात निराळ्या रीतीने दिसते. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या अंगाला मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. भोपळ्याची पावरी घुमते, तिच्या नादावर माऊल्या फेर धरतात. काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून, तिच्यावरून बोटे ओढून थाळगान चालते. ही पावरी हल्ली सरकारी महोत्सवांत, संचलनांत वाजते. वाजवणाऱ्याला मानधन मिळते, शहर त्याला टाळ्या देते, मुलगा वाद्य शिकायला तयार होतो. मात्र डोंगऱ्या देवाच्या रात्री पावरी थांबली तर अंगातले वारे थांबते. महोत्सवात ती थांबली तर निवेदक पुढचे नाव पुकारतो. वाद्य तेच, वाजवणाराही तोच, पण त्याच्यावरची जबाबदारी तीच राहिलेली नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. मंचाने वाजवणाऱ्याला माणूस म्हणून नाव दिले, बोलीला चारचौघांत मान दिला, चार पैसे दिले. आणि मंचाने गाणाऱ्या बाईला श्रोता करून टाकले. लग्नात ध्वनिवर्धक आल्यावर हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका आधी त्याच्याशी स्पर्धा करायच्या, मग गप्प झाल्या. तिची तक्रार मांडायची जागा गेली आणि तिच्या बदल्यात तिला काही मिळाले नाही. नव्या अहिराणी गाण्यांत पोर आहे, झुमका आहे, बुलेट आहे. मुऱ्हाळीची वाट पाहणारी बाई क्वचित आहे. याचा अर्थ तिची वाट पाहणे संपले, असा नव्हे.

जतन कशाचे?

आपण जतनाच्या गोष्टी फार करतो. गाणी गोळा करण्याची परंपरा इथे चांगली आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्यांचे भांडार उघडले, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था १९२७ पासून कागद सांभाळते आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचेच नाव मिळाले. तेव्हा कागदाची चिंता नाही. पण कागदावर गाणे उतरवताना संग्राहक नावाच्या जागी टिंबे देतो किंवा ‘अमका’ लिहितो. पाठभेदाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मात्र त्या रात्री कुणाकुणाची नावे घेतली, कोणत्या क्रमाने, कुणाचे सर्वांत शेवटी आणि कुणाचे घेतलेच नाही, हीच त्या गाण्याची खरी बंदिश होती. ती टिंबांत गेली.

जळगावात भुलाबाईचे महोत्सव होतात. शाळा-कॉलेजांचे संघ नऊवारी नेसून मंचावर येतात, परीक्षक गुण देतात, बक्षिसे वाटतात. यांची टिंगल करणे सोपे आहे, पण मी करणार नाही. त्यांच्यामुळे दहावीतल्या मुलीला दोन गाणी पाठ येतात, ती घरी जाऊन आजीला तिसरे विचारते. फक्त ते जतन कशाचे, हे स्पष्ट असावे. शब्द राहिले, चाल राहिली, पोशाखही राहिला. मात्र मुलींची तोंडे परीक्षकांकडे झाली, आणि सासूची तक्रार गुणांसाठी म्हटली जाऊ लागली.

इथे पुन्हा एकदा अ‍ॅपलेशियात डोकावू. व्हर्जिनियातल्या गेलॅक्स गावी १९३५ पासून फिडलवाल्यांचे संमेलन भरते. मंचावर स्पर्धा असते, नंबर असतात, रोख बक्षिसे असतात. पण अनेक जण मंचाकडे फिरकतही नाहीत. मैदानात तंबू ठोकतात, खुर्च्या गोल मांडतात आणि एकच धून बराच वेळ वाजवत बसतात. कुणीही यावे, कडेला बसावे, जमेल तसे धरावे. ब्लूग्रास जोरात चालले म्हणून ओल्ड-टाइम संपले नाही. मंच आणि रिंगण यांनी एकाच मैदानात आपापल्या जागा वाटून घेतल्या. दोन्ही एकच आहेत असे कुणी मानले नाही, म्हणून दोन्ही राहिली.

आपल्याकडे उलट झाले. दोघांना एकच नाव दिल्यामुळे, एक जोरात चालले आहे म्हणजे दुसरेही सुरक्षित आहे, असा आपला समज झाला. अहिराणी गाण्याला कोट्यवधी श्रोते मिळाले याचा आनंद खराच आहे. पण आखाजीच्या गाण्याला श्रोते मिळून उपयोग नाही. त्याला गाणाऱ्या हव्यात, आणि त्या एकमेकींना नावाने ओळखणाऱ्या हव्यात. पंचवीस-तीस जणी, ज्यांतल्या प्रत्येकीला बाकीच्यांच्या भावांची नावे ठाऊक आहेत. हे भांडवल सांस्कृतिक खात्याच्या अनुदानात बसत नाही. ते शेजारात असते, माहेरी यायला मिळालेल्या चार दिवसांत असते. मुलगी आखाजीला आलीच नाही, आली तर दुसऱ्या दिवशी कामावर परतली, तर गाणे कितीही नीट मुद्रित केलेले असले तरी ते म्हणायला कुणी नाही.

म्हणून खान्देशातल्या लोकगीतांचे काय झाले, असे कुणी विचारले तर मी उलट विचारते : कोणत्या? वरातीतल्या गाण्याची काळजी बाजार घेईल आणि ते आपल्या पायांवर उभे आहे. अंगणातल्या गाण्याची खुशाली मात्र ध्वनिफिती मोजून कळत नाही. तुमच्या गल्लीत गेल्या कानबाईच्या रात्री किती जणींची नावे घेतली गेली आणि घेणारीला ती न विचारता ठाऊक होती का, एवढे पाहिले तरी पुरे.